कार्मिनमावशीचे हात

मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पायात पायात येतात, दुधाच्या पातेल्यात तोंड घालतात आणि वर आपल्याकडे अशी बघतात की जणू चूक आपलीच. आमच्या शेजारच्या कार्मिनमावशीचं नेमकं उलट. तिला माणसांचा कंटाळा यायचा, मांजरांचा नाही. यावरून आमचं कुंपणावरून कितीदा वाजलं असेल त्याला गणती नाही. मी तिच्या बोक्याला हाकलायची, ती मला हाकलायची, आणि संध्याकाळी पुन्हा तीच कुंपणावरून केळफुलाची भाजी द्यायची. राग धरून ठेवणं तिला जमतच नसे.

आमची आळी आगाशीच्या अलीकडे, अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. घरामागे वाडी, वाडीत विहीर, कडेला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं आमचं लहानसं तळं. सगळ्यांचं असंच होतं. कार्मिनमावशीच्या वाडीत मात्र राजेळी केळी होती, आणि त्या केळ्यांची ती सुकेळी करायची. आता सुकेळी करणारी घरं कमी झाली. पण तेव्हा, सत्तरच्या दशकात, दिवाळी झाली की आळीत त्याचाच गोड वास भरून राहायचा. पिकलेली केळी सोलायची, बांबूच्या कामटीने त्यांचे दोरे खरवडून काढायचे, वाडीतल्या उंच मांडवावर उन्हात पसरायची, दिवसातून दोनदा परतायची आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकून ठेवायची. असं आठवडाभर केलं की केळं मधासारखं तांबूस होतं. मग केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सोपटात बांधून पुडे करायचे. आगाशीचा व्यापारी येऊन घेऊन जायचा. एकादशीला, चतुर्थीला हे पुडे कुठल्या कुठल्या घरी जाऊन पोचायचे.

कार्मिनमावशीला त्याचा फार अभिमान होता. "लोक उपासाला खातात गं आमच्या हातचं," असं ती म्हणायची. "देवाला काय, त्याचा उपास आनि आपला उपास, पोटात सारखाच." म्हणून ती सोवळ्यातल्या बाईसारखी वागायची. मांडवाजवळ कुणी तपकीर ओढली तरी तिला खपत नसे. व्यापाऱ्याने एकदा पुडा उघडून वास घेतला, तर ती त्याला म्हणाली, "वास काय घेता, माज्यावर भरोसा नाय?" त्यानंतर त्या माणसाने पुन्हा कधी पुडा उघडला नाही.

तिचा नवरा पास्कलकाका मुळात अबोल. दोघांचं मिळून मावशीच बोलायची. त्यांना एकुलती एक मुलगी, लिडिया. मी गावच्या शाळेत शिकवायची, तिथे ती माझ्या वर्गात शिकलेली. अभ्यासात बेताची, पण हाताने चपळ. मॅट्रिक झाली आणि आईबरोबर सुकेळीला बसली. आईपेक्षा भरभर केळी सोलायची आणि सोलता सोलता मला हाक मारून विचारायची, "टीचर, आज कुनाला मारलंत?" मी कुणाला मारत नसे, फक्त ओरडत असे, पण आळीत माझं नाव तसं झालं होतं.

आणि मग तो बोका. मावशीने त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम. दिवसभर मांडवाखाली सावलीत पाय पसरून पडायचा, सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायचा आणि स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही. म्हणून मुकादम. पण अंधार पडला की त्याचं काम सुरू व्हायचं. सुकेळीच्या खोलीत उंदीर शिरला आणि सकाळी जिवंत सापडला, असं कधी झालं नाही. सुकेळी करणाऱ्या घरात मांजर लागतंच. एका उंदराने एक पुडा कुरतडला की त्या खोलीतला सगळा माल व्यापारी परत करतो.

मुकादमाचा आणखी एक मान होता. संध्याकाळी केळी गोळा करून झाली की मायलेकींचे हात कोपरापर्यंत चिकट झालेले असायचे. साखरेच्या पाकात बुडवून काढावेत तसे. दोघी पायरीवर बसायच्या, हात पुढे करायच्या आणि मुकादम येऊन ते चाटायचा. आधी मावशीचे, मग लिडियाचे. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने, अगदी सावकाश. त्यानंतर त्या राख आणि चिंच लावून विहिरीवर हात धुवायच्या. सुकेळीच्या बऱ्याच घरांत हे चालायचं. मांजराची मजुरी म्हणायचे त्याला. मला ते बघून शिसारी यायची.

"हात फाटलेत की गं तुझे," मी लिडियाला म्हणायची. कामटीची धार आणि सोपटाचे दोरे यांनी तिच्या बोटांना नेहमी चिरा पडलेल्या असायच्या. "त्याची जीभ झोंबत नाही?"

"गुदगुल्या होतात, टीचर," ती म्हणायची.

१९७८ च्या दिवाळीनंतर आमच्या चर्चच्या तरुण मंडळींनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावून कुत्र्यांना लस टोचण्याचं शिबिर ठेवलं. त्या वर्षी मिठागरांकडचे कोल्हे वाड्यांत फार शिरत होते, आणि पलीकडच्या गावात एक कुत्रं पिसाळल्याची बातमी होती. फादरनी रविवारच्या मिसानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, सांगितलं, सगळ्यांनी कुत्री घेऊन या. आळीत नुसती धमाल झाली. कधी दोरी न पाहिलेली वाडीतली कुत्री लोकांनी केळीच्या दोराने बांधून, ओढत, उचलून, एकाने तर हातगाडीवर घालून आणली. मावशीचा टायगर नावाचा तांबडा कुत्रा होता. तो पास्कलकाकांच्या मागे शहाण्यासारखा चालत गेला आणि टोचून घेऊन परत आला.

त्या सकाळी डॉक्टरांनी मावशीला आणखी एक गोष्ट विचारली होती. ती मला कितीतरी महिन्यांनी कळली, तिच्याच तोंडून. पण इथेच सांगते. टायगरला टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "घरात मांजर आहे का? असलं तर तेही घेऊन या. पिसाळलेलं जनावर चावलं तर मांजरही पिसाळतं."

मावशी म्हणाली, "नाय."

घरी मुकादम मांडवाखाली झोपलेला होता. आणि मावशी खोटं बोलणारी बाई नव्हती. व्यापाऱ्याला पुड्यात एक केळं कमी गेलं तर पुढच्या वेळी दोन जास्त टाकणारी ती. पण तिच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसला होता: सुईतलं औषध मांजराच्या अंगात जाणार, अंगातून लाळेत येणार, मांजर आपले हात चाटणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी आपण उपासाची सुकेळी परतणार. लोकांच्या पोटात जनावराचं औषध जाईल. हंगाम तर नुकताच सुरू झाला होता. हे तिने डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी हसून समजावलं असतं. पण एवढ्या लोकांत, मांजर आपले हात चाटतं, असं सांगायची तिला लाज वाटली. म्हणून एकच शब्द बोलली आणि बाजूला झाली.

डिसेंबरात, नाताळाच्या करंज्या चालू होत्या तेव्हा, बावखलाच्या बाजूने एक अनोळखी कुत्रं आळीत शिरलं. तोंडातून फेस, मान एका बाजूला. समोर येईल त्याला चावत सुटलं. आमच्या पुढच्या घरातल्या हिलरीच्या पोटरीला चावलं. मग मावशीच्या वाडीत घुसलं. टायगर त्याच्या अंगावर गेला, मांडवाखालून मुकादमही फिस्कारत बाहेर आला, आणि धूळ उडाली तिच्यात कोण कुणाला चावतंय ते कळेना. शेवटी तरुण पोरांनी काठ्यांनी त्या कुत्र्याला मारलं. टायगरच्या पुढच्या पायाला दात लागले होते. मुकादमाचा कान फाटला होता, आणि मानेवर रक्त होतं.

हिलरीला कुणी सांगितलं, सात विहिरींत डोकावून ये, विष उतरेल. तो बिचारा डोकावूनही आला, आणि सरकारी दवाखान्यात जाऊन पोटात चौदा इंजेक्शनंही घेऊन आला. तो आजही आहे, नातवंडं खेळवतोय.

टायगरला मारून टाका, असं अर्धी आळी म्हणत होती. पास्कलकाका डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी पुन्हा लस टोचली आणि सांगितलं, याला आधी लस दिलेली आहे, हा बहुतेक वाचेल, पण साखळीने बांधून ठेवा आणि लक्ष ठेवा. मग काय, सगळ्या आळीचं लक्ष टायगरवर. तो जांभई देतो की भुंकतो, पाणी पितो की नाही, हे बघायला लोक कुंपणापाशी येऊन उभे राहायचे. मीसुद्धा शाळेत जाताना बघायची. तो शेपूट हलवायचा.

मुकादमाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मावशीने त्याला सुकेळीच्या खोलीत लपवून ठेवलं होतं, काठ्या घेतलेल्या पोरांच्या भीतीने. कानाला हळद आणि खोबरेल लावलं. जखम भरून आली. नाताळ झाला, नवं वर्ष आलं, मुकादम पुन्हा मांडवाखाली पाय पसरून पडू लागला आणि संध्याकाळी हात चाटू लागला. टायगर बरा होता. सगळं पार पडलं असंच आम्हाला वाटलं.

जानेवारीच्या शेवटी लिडियाचं लग्न ठरलं. मुलगा भुईगावचा, अँथनी नावाचा, कारखान्यात फिटर, दिसायला चांगला आणि बोलायला त्याहून चांगला. ईस्टर झाल्यावर मे महिन्यात लग्न. मावशीने ठरवलं होतं की त्या हंगामाच्या सुकेळीतून लिडियाच्या लग्नाची साडी घ्यायची, म्हणून दोघी मायलेकी झपाटल्यासारख्या कामाला लागल्या होत्या. त्याच दिवसांत मुकादमाला चाटायची हाव सुटली. हात सोडेना. लिडिया हसत म्हणाली, "आये, ह्याला माजं लगीन कळलंय. मी जानार म्हनून चाटतोय." दोनतीन दिवसांनी तो अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. हात लावला तर गुरगुरायला लागला, तोंडातून लाळ गळायला लागली. मग तो दिसेनासाच झाला, आणि पास्कलकाकांना बावखलाच्या काठी केळीच्या पाचोळ्यात मेलेला सापडला. साप चावला असेल, नाहीतर कुणी उंदराला घातलेलं औषध खाल्लं असेल, असं म्हणून त्यांनी त्याला केळीखाली पुरलं. लिडिया रडली. मी म्हटलं, "मांजरासाठी काय रडतेस, लग्नात रडायला पाणी शिल्लक ठेव." ती रडता रडता हसली.

राखेचा बुधवार आला, उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. आमच्याकडे तेव्हा उपास कडक असायचे. कुणी मासळी सोडायचं, कुणी साखर, म्हातारी माणसं एक वेळ जेवायची. लग्न ठरलेल्या मुली तर जास्तच श्रद्धेने करायच्या, संसार चांगला व्हावा म्हणून. मार्चमध्ये लिडियाचा उजवा हात दुखायला लागला. मुंग्या येतात म्हणायची. केळीचा चीक लागला असेल म्हणून आईने तेल चोळलं. मग ताप आला. ती जेवेना. आणि मग ती पाणी पिईना.

एके सकाळी मावशी कुंपणापाशी आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती अभिमानाने फुलली होती.

"थेरेसा," ती हळूच म्हणाली, "आमच्या पोरीनं पानी सोडलंय. कालपासून थेंब नाय घेतला. येशूला क्रुसावर तहान लागली ना, तसं. मी काय बोलत नाय तिला."

माझं डोकं फिरलं. असला अतिरेक मला कधीच पटला नाही. तापात पाणी सोडणारी मुलगी आणि तिचं कौतुक करणारी आई! मी तडक त्यांच्या घरात शिरले, तांब्यातून पेला भरला आणि लिडियासमोर धरला. "पी," मी म्हटलं, शाळेत म्हणते तसं.

लिडिया खाटेवर बसली होती. डोळे मोठे झालेले. पेला पाहिल्याबरोबर तिचा गळा असा आवळला की मला दिसलं. श्वास अडकला, सगळं अंग ताठ झालं, आणि तिने हाताने पेला उडवून दिला. मग कसाबसा श्वास घेत म्हणाली, "टीचर, मी नाय सोडलं पानी. मला प्यायचंय. जातच नाय."

पाणी फरशीवर सांडलं होतं. मावशी दारात उभी होती. तिला काहीच कळलं नव्हतं. मलाही धड कळलं नव्हतं. मी आळीच्या टोकाच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी दारातूनच पाहिलं, पंख्याच्या वाऱ्यानेही ती कशी दचकते ते पाहिलं, आणि पास्कलकाकांना बाहेर नेऊन सांगितलं की लगेच मुंबईला न्या. केळी नेणाऱ्या टेम्पोत गादी टाकून आम्ही तिला घेऊन गेलो.

मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुत्रं चावलं होतं का? आम्ही सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. खरंच चावलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, घरात इतक्यात एखादं जनावर मेलं का? पास्कलकाका म्हणाले, "एक बोका मेला. पन तो कुनाला चावला नाय. नुसता हात चाटायचा."

डॉक्टरांनी लिडियाचा उजवा हात उचलला आणि उलटा करून पाहिला. बोटांवरच्या चिरा, काही भरलेल्या, काही तशाच. त्यांनी हात हळूच खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले की चावायलाच लागतं असं नाही. जखमेवर लाळ लागली तरी पुरते. लगेच सुया घेतल्या असत्या तर वाचवता आलं असतं. आता आमच्या हातात काही नाही.

मावशी माझ्या शेजारी उभी होती. तिने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

लिडिया शुद्धीवर होती, हेच सगळ्यांत वाईट. मधूनमधून भ्रम व्हायचा, पण मधे ती अगदी आमची लिडिया असायची. तिला शहाळं हवं होतं. "नुसतं ओठाला लाव," असं आईला म्हणायची, आणि आईने ओला बोळा जवळ आणला की गळा आवळायचा. शेवटी मावशीने बोळा ठेवून दिला आणि नुसती तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. झावळ्यांच्या रविवारच्या आधी, ईस्टर तोंडावर असताना, ती गेली. लग्नाची साडी घ्यायची राहिलीच होती. आम्ही तिला लहानपणीच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळची जपमाळ हातात दिली आणि चर्चच्या दफनभूमीत ठेवलं. अँथनी आला होता.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आईवडिलांनी दोघांनी इंजेक्शनं घ्यायला हवीत, त्या मांजराने आईचेही हात चाटले आहेत. पास्कलकाकांनी सुरू केली. मावशी जाईना. दार लावून बसली. मी गेले, ओरडले, हात धरून ओढलं. ती म्हणाली, "माजे हात त्यानं आधी चाटले, थेरेसा. रोज आधी माजे. मग मला का नाय झालं? आता होऊ दे."

तेव्हा पास्कलकाका बोलले. आयुष्यात मी त्यांना एवढं बोलताना एकदाच ऐकलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "कार्मिन, तू बोलायचीस म्हनून मी गप राहायचो. माज्या वाटचंबी तूच बोललीस. लिडिया गेली, आता तूबी जानार, तर मी ह्या घरात कुनाचं ऐकू? भिंतींचं?"

मावशी उठली. पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. चौदाच्या चौदा सुया घेतल्या, पोटाला टेंगळं आली तरी एक चुकवली नाही. प्रत्येक सुई टोचली की ती लिडियाचं नाव घ्यायची, असं तिथल्या नर्सने मला सांगितलं.

त्या हंगामाची उरलेली सुकेळी तिने स्वतः खड्डा करून पुरली. आळीतल्या काही घरांनी आधी घेतलेले पुडे गुपचूप बावखलात टाकले होते. सुकेळीने काही होत नाही म्हणून कितीही सांगितलं तरी भीती वेगळी असते. मावशीने कुणाला दोष दिला नाही. तिला सगळ्यांत कठीण गेलं ते टायगरचं. तो धडधाकट होता. त्याच पिसाळलेल्या कुत्र्याने त्यालाही चावलं होतं, त्याच दिवशी, त्याच मांडवाखाली. आणि तो साखळी सोडल्यावर वाडीभर उड्या मारत होता. मावशी त्याला भाकरी टाकायची ती मान फिरवून.

पावसाळ्यात एकदा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि तिने मला शिबिरातली ती गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं आणि का दिलं. "लोकांच्या पोटात औषध जाऊ नये म्हनून," ती म्हणाली. "लोकांचं मी सांभाळलं गं, थेरेसा." मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी पोटभर रडलो. मला तिचा राग येत नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं.

कार्मिनमावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. सुकेळी पुन्हा सुरू केली, कारण वाडीत केळी पिकतच होती आणि पास्कलकाकांना एकट्याने जमेना. आळीतल्या मांजरांना शिबिराच्या दिवशी पकडून न्यायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. एमिलीचं असो की फ्लॉसीचं, कुणी नको म्हणालं तर ती दारातच बसून राहायची. पुढे पुढे लोक तिला बघूनच मांजर शोधायला लागत. हात मात्र तिने पुन्हा कुठल्या जनावराला चाटू दिले नाहीत. संध्याकाळी केळी गोळा झाली की दोन्ही हात वर धरून विहिरीवर जायची. पण मला ती आठवते ती दुसऱ्या वर्षीच्या शिबिराच्या सकाळची.

उंदरांनी खोलीत उच्छाद मांडला होता, म्हणून पास्कलकाकांनी मांजराचं एक करडं पिल्लू आणलं होतं. मावशी त्याच्याकडे बघत नसे. फादरनी शिबिराचं सांगितलं त्या रविवारी ती मान खाली घालून घरी गेली. शिबिराच्या दिवशी मात्र मी पोचले तर ती रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती. काळी साडी, हातात सुकेळीची टोपली, टोपलीवर फडका. डॉक्टर तेच होते. त्यांनी तिला ओळखलं.

तिने त्यांना विचारूच दिलं नाही. "मांजर हाय," ती म्हणाली. "घरात मांजर हाय."

डॉक्टरांनी फडका जरासा सरकवला. पिल्लाची मान चिमटीत धरली, सुई टोचली, काढली. पिल्लू ओरडलंसुद्धा नाही, फडक्यात तोंड खुपसून बसलं. डॉक्टरांनी फडका पुन्हा नीट केला आणि म्हणाले, "झालं, मावशी."

मावशी तिथेच उभी राहिली. तिने घट्ट धरायला म्हणून दोन्ही हात पुढे केले होते, ते तसेच राहिले होते.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिने टोपलीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. "थेरेसा," ती म्हणाली, "एवढंच होतं गं?" आणि ती रांगेतच, मातीत, खाली बसली.